‘बघतो’, ‘बघून सांगतो’ आणि ‘करून टाकतो’: मीटिंगमध्ये इंग्रजी फ्रेझल व्हर्ब कसे वापरायचे

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या कारखान्यांत सकाळची प्रॉडक्शन मीटिंग बहुतेक वेळा मराठीतच चालते. मध्ये हिंदी येते, पार्टची आणि मशीनची नावं इंग्रजी असतात, पण वाक्य मराठी. खरी अडचण दुपारी येते. कस्टमरचा कॉल लागतो, समोर परदेशातला इंजिनिअर किंवा दुसऱ्या राज्यातलं हेड ऑफिस असतं, आणि सकाळचेच विषय इंग्रजीत मांडायचे असतात. ट्रायल का लांबली, मटेरियल कुठे अडकलं, शुक्रवारचा डिस्पॅच निघणार की नाही. सकाळी हे सगळं धडाधड सांगणारा मुलगा दुपारी शब्द शोधत बसतो.

मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्या मुलांचं व्याकरण कच्चं असतं, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. काळ, कर्ता, कर्म शाळेत घोटून झालेलं असतं. अडतं ते ‘लुक इनटू’, ‘फॉलो अप’, ‘पुश बॅक’, ‘रन आउट ऑफ’ अशा जोडशब्दांवर. साधं क्रियापद आणि त्याला चिकटलेला अप, आउट, ऑफ, बॅक, ओव्हर असा एखादा छोटा शब्द. दोन्ही मिळून वेगळाच अर्थ. यालाच फ्रेझल व्हर्ब म्हणतात. पाठ्यपुस्तकात ते शेवटच्या पानांवर यादीच्या रूपात येतात, आणि ऑफिसात पहिल्या मिनिटापासून कानावर पडतात.

पण हा प्रकार आपल्याला परका नाही. ‘करून बघ’, ‘करून ठेव’, ‘करून टाक’, ‘करून दे’ यांतलं ‘करणं’ एकच आहे. पुढचा शब्द बदलला की कामाची तऱ्हा बदलते, आणि सांगणारा किती बांधला गेला तेही बदलतं. हा कान मराठी माणसाला लहानपणापासून असतो. तोच इंग्रजीकडे वळवायचा आहे. त्यासाठी ए टू झेड यादी पाठ करायची गरज नाही. मीटिंगमध्ये कुठल्या फ्रेझल व्हर्बने आपण किती शब्द दिला, हे ओळखता आलं पाहिजे.

पहिली पायरी: आधी आपली मराठी वाक्यं लिहून काढा

आठवडाभर मीटिंगला जाताना एक वही न्या. मीटिंगमध्ये तुम्ही स्वतः जी मराठी वाक्यं बोलता ती जशीच्या तशी डाव्या पानावर उतरवा. पहिल्या दोन-तीन दिवसांतच लक्षात येईल की तीच ती वाक्यं फिरून येतात. नमुन्याला ही पाच घ्या:

“मटेरियल संपत आलंय.” — “वी आर रनिंग आउट ऑफ मटेरियल.”
“व्हेंडरच्या मागे लागलोय.” — “आय ॲम फॉलोइंग अप विथ द व्हेंडर.”
“ट्रायल पुढं ढकलली.” — “द ट्रायल हॅज बीन पुश्ड बॅक.”
“ड्रॉइंगवर कस्टमरची मंजुरी राहिलीय.” — “द कस्टमर हॅज नॉट साइन्ड ऑफ ऑन द ड्रॉइंग येट.”
“कालचं नुकसान रविवारी भरून काढू.” — “वी विल मेक अप फॉर यस्टरडेज लॉस ऑन संडे.”

उजवं पान हळूहळू भरा. आपल्या कामात जे वाक्य कधी येत नाही, त्याचा फ्रेझल व्हर्ब शिकण्यात सध्या वेळ घालवू नका. जालन्याच्या स्टील मिलमधल्या माणसाची वही आणि तिथल्याच बियाणे कंपनीतल्या माणसाची वही वेगळी होईल, आणि तसंच व्हायला हवं.

लातूर, नांदेड, परभणीकडच्यांना इथे एक सोय आहे. आपण ‘बघायलोय’, ‘करायलोय’ म्हणतो ते थेट ‘-इंग’च्या रूपावर बसतं. ‘बघायलोय’ म्हणजे “आय ॲम लुकिंग इनटू इट”. फक्त चालू असलेलं आणि झालेलं यांची गल्लत नको. “वी आर रनिंग आउट” म्हणजे संपत आलंय, “वी हॅव रन आउट” म्हणजे संपलं. दुसरं वाक्य ऐकून समोरच्याला लाइन थांबलीय असं वाटतं आणि तो लगेच वरच्या माणसाला फोन लावतो. कोठीत दोन दिवसांचा माल शिल्लक असताना अशी धावपळ उडवण्याचं कारण नाही.

दुसरी पायरी: कुठल्या शब्दाने किती वचन दिलं ते ओळखा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून इथे जरा थांबू.

समजा, ब्रॅकेटच्या एका लॉटमध्ये बर (पार्टच्या कडेला राहिलेली धातूची खरखरीत कड) निघाली आणि कस्टमरने लॉट परत पाठवला. कॉलवर पहिला प्रश्न येणार की तुम्ही काय करताय. मराठीत आपल्याकडे याची उत्तरं चढत्या क्रमाने तयार असतात: बघतो, बघून सांगतो, कारण सापडलं, मार्गी लावतो. इंग्रजीतही तीच उतरंड आहे.

‘लुक इनटू’ म्हणजे बघतो. यात तपासण्याचं वचन आहे, सोडवण्याचं नाही. पहिल्या दिवशी “वी आर लुकिंग इनटू इट” हे उत्तर चालतं. तिसऱ्या दिवशीही तेच वाक्य आलं, तर काहीच हललं नाही असा त्याचा अर्थ घेतला जातो, तुम्ही तीन रात्री जागून तपासणी केली असली तरी.

‘गेट बॅक टू’ म्हणजे बघून सांगतो. इथे उत्तर द्यायची जबाबदारी तुमच्यावर आली. म्हणून त्याला वेळ जोडा: “वी आर लुकिंग इनटू इट अँड विल गेट बॅक टू यू बाय फोर ओ’क्लॉक.” वेळ सांगताना ‘बाय’ म्हणा, ‘टिल’ नको. मराठीत ‘चारपर्यंत’ दोन्हीकडे चालतं, पण “आय विल सेंड इट टिल फोर” ऐकून इंग्रजी कानाला वाटतं की तुम्ही चार वाजेपर्यंत पाठवतच राहणार आहात.

तपास पुढे सरकला की दोन फार कामाचे शब्द आहेत आणि आपल्याकडे ते कमी वापरले जातात: ‘रूल आउट’ आणि ‘नॅरो डाउन’. “वी हॅव रूल्ड आउट द मटेरियल” म्हणजे मटेरियलचा दोष नाही हे पक्कं झालं. “वी हॅव नॅरोड इट डाउन टू द डाय” म्हणजे शोध आता डायपाशी, पार्टला आकार देणाऱ्या साच्यापाशी, येऊन थांबलाय. मूळ कारण अजून हाती नसतानाही कालच्यापेक्षा आज आपण कुठे आहोत हे या दोन वाक्यांनी सांगता येतं. कस्टमरला त्या क्षणी तेवढंच हवं असतं.

‘फिगर आउट’ म्हणजे उलगडा झाला, कारण किंवा उपाय सापडला. ‘सॉर्ट आउट’ म्हणजे मार्गी लावलं. “वी विल सॉर्ट इट आउट” हे पक्कं वचन आहे. डाय दुरुस्तीला बाहेर गेलीय आणि कधी परत येईल माहीत नाही, अशा वेळी ते तोंडातून काढू नका. समोरचा त्यावर आपलं वेळापत्रक बांधतो.

आणखी एक जोडी. ‘टेक ऑन’ म्हणजे काम अंगावर घेणं, ‘बॅक आउट’ म्हणजे कबूल करून माघार घेणं. “वी कांट टेक धिस ऑन धिस मंथ” असं सुरुवातीलाच सांगणं मानाचं आहे. आपल्याकडे समोरच्याला नाही म्हणायचा संकोच असतो, विशेषतः तो वयाने किंवा हुद्द्याने मोठा असला तर. त्या संकोचापोटी आधी हो म्हणून नंतर ‘बॅक आउट’ करावं लागतं, आणि त्याची आठवण लोक फार काळ ठेवतात.

तिसरी पायरी: तारखा हलवणारे शब्द

गोंधळ सर्वांत जास्त इथेच होतो आणि महागही इथेच पडतो.

‘पुश बॅक’ म्हणजे पुढं ढकलणं. मराठी ‘पुढं’ म्हणते आणि इंग्रजी ‘बॅक’, म्हणून ऐन वेळी जीभ ‘पुश फॉरवर्ड’कडे वळते. ते टाळा. किती ढकललं ते सांगताना ‘बाय’, कुठल्या दिवसावर नेलं ते सांगताना ‘टू’: “पुश्ड बॅक बाय थ्री डेज”, “पुश्ड बॅक टू सॅटरडे”. याच शब्दाचा दुसरा अर्थ विरोध करणं असा आहे. “द टीम पुश्ड बॅक ऑन द न्यू टार्गेट” म्हणजे टीमने नव्या टार्गेटला हरकत घेतली. त्यानंतर ‘ऑन’ आला की हा अर्थ समजा.

‘पुट ऑफ’ म्हणजेही पुढं ढकलणं, पण त्यात टाळाटाळीचा वास येऊ शकतो. ऑडिट लांबलं, तर “वी पुट ऑफ द ऑडिट” पेक्षा “द ऑडिट हॅज बीन पुश्ड बॅक” बरं.

‘हेल्ड अप’ म्हणजे बाहेरच्या कारणाने खोळंबणं. घाटात ट्रक अडकला, तर “द ट्रक इज हेल्ड अप इन द घाट”. यात ड्रायव्हरवर किंवा ट्रान्सपोर्टवाल्यावर दोष जात नाही.

‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द. ढकललेल्या गोष्टीला हा शब्द चुकूनही लावू नका.

तारीख अलीकडे आणायची असेल तर आपण बिनधास्त ‘प्रीपोन’ म्हणतो. भारतात हा शब्द सगळ्यांना कळतो आणि इथल्या मीटिंगमध्ये खुशाल वापरा. परदेशातल्या माणसाला मात्र तो माहीत असेलच असं नाही. त्याच्याशी बोलताना ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणा: “कॅन वी ब्रिंग द मीटिंग फॉरवर्ड टू ट्यूसडे?” नुसतं ‘मूव्ह फॉरवर्ड’ टाळा, कारण त्याचा अर्थ कोणी अलीकडे घेतो, कोणी पलीकडे. कुठलाही शब्द वापरा, शेवटी वार आणि तारीख मोठ्याने म्हणाच.

चौथी पायरी: ‘इट’ कुठे ठेवायचं

“आय विल सॉर्ट आउट इट” हे चूक, “आय विल सॉर्ट इट आउट” हे बरोबर. उलट “आय विल लुक इनटू इट” बरोबर आणि “लुक इट इनटू” चूक. हे कसं ओळखायचं?

कामापुरता आडाखा असा: शेवटचा छोटा शब्द अप, आउट, ऑफ (off), डाउन, बॅक असेल आणि कशावर तरी क्रिया होत असेल, तर ‘इट’ किंवा ‘देम’ बहुधा मधे येतं. पुट इट ऑफ, सेट इट अप, पुश इट बॅक. शेवटचा शब्द इनटू, विथ, फॉर, टू किंवा ‘-चा’ या अर्थाचा ‘ऑफ’ (of) असेल, तर ‘इट’ त्याच्यानंतर येतं. लुक इनटू इट, मेक अप फॉर इट, रन आउट ऑफ इट. ‘ओव्हर’चं मात्र प्रत्येकाचं वेगळं लक्षात ठेवावं लागतं: ‘हँड इट ओव्हर’, पण ‘गो ओव्हर इट’.

जिथे ‘इट’ मधे येतं, तिथे त्याच्या जागी नाम असेल तर मधे ठेवा किंवा शेवटी, दोन्ही चालतं: ‘हँड द फिक्स्चर ओव्हर’, ‘हँड ओव्हर द फिक्स्चर’. नाम लांबलचक असेल तर शेवटीच ठेवा, नाहीतर ऐकणारा ‘ओव्हर’ची वाट बघत राहतो.

म्हणताना जोर त्या छोट्या शब्दावर द्या: सॉर्ट इट आउट, सेट इट अप. नाम झालं की जोर पहिल्या भागावर येतो: सेटअप, हँडओव्हर, ब्रेकडाउन. आपल्या शॉप फ्लोअरवर ही सगळी नामं रोज वापरात आहेत. म्हणूनच “मशीन ब्रेकडाउन झालं” हे डोक्यात असतं आणि तोंडातून “मशीन इज ब्रेकडाउन” निघतं. “द मशीन हॅज ब्रोकन डाउन” म्हणा.

पाचवी पायरी: इथे चालणारे, बाहेर अडणारे शब्द

हे शब्द चुकीचे ठरवायचा माझा हेतू नाही. भारतीय ऑफिसांची ती रुळलेली भाषा आहे. समोर परदेशी माणूस असेल तेव्हा मात्र बदला.

“आय पास्ड आउट इन २०१९” हे आपल्याला पदवी मिळाली असं वाटतं. त्याला वाटतं तुम्ही बेशुद्ध पडलात. ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. “आय विल रिव्हर्ट” याचा अर्थ आपल्याकडे उत्तर देईन. सॉफ्टवेअरवाल्याला मात्र तो केलेला बदल मागे घेण्याचा शब्द आहे, आणि रिलीजच्या रात्री हा गोंधळ परवडत नाही. ‘गेट बॅक टू यू’ म्हणा. ‘फॉलोअप घेतो’ मराठीत छान आहे, पण ‘टेक फॉलोअप’ नको: “आय विल फॉलो अप विथ देम ऑन धिस.” माणसाला ‘विथ’, विषयाला ‘ऑन’. सरकारी कार्यालयांत आणि कॉलेजांत फाइल ‘पुट अप’ होते. बाहेरच्यासाठी ‘सबमिट’ केलेलं बरं.

काही ठिकाणी आपण छोटा शब्द उगाच जोडतो. ‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’, ‘रिटर्न बॅक’मधला ‘बॅक’, ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ काढून टाका.

सहावी पायरी: कानाला फसवणाऱ्या जोड्या

‘फॉलो थ्रू’ म्हणजे ठरलेलं तडीस नेणं, ‘फॉल थ्रू’ म्हणजे ठरलेलं बारगळणं. कॉलवर आवाज तुटत असेल तर दोन्ही सारखेच ऐकू येतात आणि अर्थ पार उलटा. शंका आली तर विचाराच: “सो द ऑर्डर इज स्टिल ऑन?”

‘लुक ओव्हर’ म्हणजे नजर टाकणं, ‘ओव्हरलुक’ म्हणजे नजरेतून सुटणं. “आय ओव्हरलुक्ड युअर रिपोर्ट” म्हणालात तर रिपोर्ट बघायचा राहिला असं कबूल केलंत.

सातवी पायरी: एक अपडेट, आधी आणि नंतर

गुरुवारचा कॉल. बुधवारची ट्रायल झालेली नाही. नेहमी ऐकू येणारं अपडेट असं असतं:

“सर, ट्रायल वॉज ऑन वेन्सडे, बट मटेरियल डिड नॉट केम, सो ट्रायल इज पेंडिंग. वी आर ट्राइंग अवर बेस्ट. वी विल डू द नीडफुल.”

यात खोटं काही नाही. पण ऐकणाऱ्याच्या हातात तारीख, कारण, पुढचं पाऊल यांतलं काहीच पडत नाही. आता हे बघा:

“द वेन्सडे ट्रायल हॅज बीन पुश्ड बॅक टू सॅटरडे. द ट्रक वॉज हेल्ड अप इन द घाट. द मटेरियल रीच्ड अस धिस मॉर्निंग. वी आर सेटिंग अप द मशीन नाऊ. वी हॅव फॉलन बिहाइंड बाय थ्री डेज, अँड वी विल मेक अप फॉर टू ऑफ देम बाय वर्किंग ऑन द नेक्स्ट टू संडेज. वन रिक्वेस्ट: प्लीज साइन ऑफ ऑन द रिवाइज्ड ड्रॉइंग बाय टुमॉरो.”

आधी तारीख, मग कारण, मग सध्याची स्थिती, तूट आणि ती कशी भरणार, शेवटी समोरच्याकडून काय हवं. तीनपैकी दोनच दिवस भरून निघतील हे उघड सांगितलंय, आणि म्हणूनच बाकीच्यावर विश्वास बसतो. सहा फ्रेझल व्हर्ब आहेत. एका अपडेटला एवढे भरपूर झाले. ‘द मटेरियल रीच्ड अस’ इथे साधं क्रियापद मुद्दाम ठेवलंय. जिथे साधा शब्द स्पष्ट आहे तिथे तोच राहू द्या.

सॉफ्टवेअरमध्ये असाल तर साचा हाच, शब्द थोडे वेगळे: ‘रोल आउट’ म्हणजे सगळ्यांसाठी सुरू करणं, ‘रोल बॅक’ म्हणजे आधीच्या आवृत्तीवर परत जाणं, ‘फेज आउट’ म्हणजे जुनं टप्प्याटप्प्याने बंद करणं.

कॉल चालू असताना

आवाज तुटतोय: “यू आर ब्रेकिंग अप.” जरा मोठ्याने बोला: “कुड यू स्पीक अप, प्लीज?” पुन्हा एकदा समजावून सांगा: “कुड यू गो ओव्हर दॅट अगेन?” दोघं एकदम बोलले: “सॉरी, आय कट यू ऑफ. गो अहेड.” मुद्दा मांडायचाय: “आय वुड लाइक टू ब्रिंग अप वन पॉइंट.” ही पाच वाक्यं कागदावर लिहून लॅपटॉपशेजारी चिकटवा. न समजता मान हलवण्यापेक्षा “गो ओव्हर दॅट अगेन” म्हणणं कितीतरी चांगलं, आणि त्यात कमीपणा अजिबात नाही.

समोरचा जर्मन किंवा जपानी असेल तर इंग्रजी त्याचीही शिकलेली भाषा आहे, हे ध्यानात असू द्या. त्याच्याशी बोलताना फ्रेझल व्हर्ब कमी करा. ‘कॉल ऑफ’ ऐवजी ‘कॅन्सल’ आणि ‘फिगर आउट’ ऐवजी ‘फाइंड’ त्याला पटकन कळेल.

सरावाला वेगळा तास काढायची गरज नाही. कंपनीच्या बसमध्ये सिडकोपासून वाळूजपर्यंतचा वेळ पुरतो. वहीतलं एक वाक्य घ्या आणि ते चार तऱ्हांनी पुटपुटा: आज अडकलाय, काल अडकला होता, उद्या अडकू शकतो, आता सुटला. शेजारी सहकारी असेल तर एकाने मराठी वाक्य टाकावं, दुसऱ्याने इंग्रजी. त्या आठवड्यात शिकलेला शब्द त्याच आठवड्याच्या मीटिंगमध्ये एकदा तरी वापरा. नाहीतर तो वहीतच राहतो.

मिनिट्स आणि मेल लिहिताना

बोलण्यात फ्रेझल व्हर्ब जितके सहज वाटतात तितकेच ते लिहिण्यात सैल पडतात. मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या लेखी नोंदीत, “वेंडर इश्यू टू बी लुक्ड इनटू” असं लिहिलं, तर कोण बघणार आणि कधीपर्यंत, हे कोणालाच कळत नाही, आणि पुढच्या मीटिंगला तीच ओळ पुन्हा येते. करारात, ऑडिटच्या उत्तरात आणि मिनिट्समध्ये एकशब्दी क्रियापद घ्या: ‘पुट ऑफ’ऐवजी ‘पोस्टपोन’, ‘लुक इनटू’ऐवजी ‘इन्व्हेस्टिगेट’, ‘सॉर्ट आउट’ऐवजी ‘रिझॉल्व्ह’. रोजच्या मेलमध्ये ‘फॉलो अप’ आणि ‘गेट बॅक’ चालतात. मिनिट्सची ओळ अशी असू द्या: “क्वालिटी विभाग बरच्या कारणाचा तपास करून शुक्रवार दुपारी ४ पर्यंत कस्टमरला लेखी कळवेल.” हीच ओळ इंग्रजीत उतरवा, ‘पर्यंत’साठी ‘बाय’ वापरा, आणि कॉल संपल्यावर तासाभरात सगळ्यांना पाठवून द्या.